मुशीत गेलेला इतिहास
(सीमाभागातील दागिने आणि ते घडविणारे हात)

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि फर्माने आपल्या डोळ्यांसमोर येतात. ही साधने शोधायला पुण्याला, मुंबईला, नाहीतर धारवाडला जावे लागते अशीही आपली समजूत असते. परंतु बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागातल्या सामान्य घरातही एक साधन पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असते. ते कपाटातल्या डब्यात, हळदीकुंकवाचा वास लागलेल्या कापडात गुंडाळून ठेवलेले असते. घरातले लग्न ठरले की ते बाहेर निघते, सोनाराच्या तराजूत बसते आणि बहुतेक वेळा तिथून परत येत नाही. हे साधन म्हणजे आजीचा दागिना. त्याच्याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे मांडाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पुतळीची गोष्ट सांगतो, कारण तिच्याइतका लांबचा प्रवास आपल्याकडच्या दुसऱ्या कोणत्याही दागिन्याने केलेला नाही. पुतळ्यांची माळ आपण सर्वांनी पाहिलेली आहे. सोन्याच्या पातळ, गोल चकत्या, त्यांवर उमटवलेल्या आकृत्या आणि ओवण्यासाठी वर लावलेली कडी. पुतळी हे मुळात एका नाण्याचे नाव. इटलीतल्या व्हेनिस या व्यापारी गणराज्याने १२८४ साली एक सोन्याचे नाणे पाडायला सुरुवात केली. त्याला डुकाट म्हणत. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. नाण्याच्या एका बाजूला त्या शहराचा संरक्षक संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून निशाण स्वीकारणारा राज्यप्रमुख अशा दोन उभट आकृत्या असत. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला येशू. १७९७ साली नेपोलियनने ते गणराज्य बुडविले, तोपर्यंत म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, या नाण्याचा घाट आणि कस जवळजवळ बदलला नाही. राजे बदलले की नाणे बदलण्याची सवय असलेल्या आपल्या व्यापाऱ्यांना हा गुण फार मोलाचा वाटला असल्यास नवल नाही.

युरोपला आपल्याकडची मिरी आणि कापड हवे असे, आणि आपल्याला त्यांच्याकडचे सोन्यारुप्याखेरीज फारसे काही नको असे. त्यामुळे हे नाणे इजिप्त आणि तांबड्या समुद्राच्या वाटेने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिले. तिथून घाट चढून वर यायला वाटा होत्याच. वेंगुर्ल्याहून रामघाटाने बेळगावास यावे, फोंडाघाटाने निपाणीच्या बाजूला उतरावे, हा बैलांच्या तांड्यांचा जुना रिवाज. नाणे आले, बाजारात चालले आणि मग बायकांच्या गळ्यात जाऊन बसले. नाण्यावरच्या त्या दोन आकृत्यांत आपल्या लोकांनी राम-सीता पाहिली. व्हेनिसचा संत आपल्या सुवासिनींच्या गळ्यात राम होऊन राहिला, यात मला तरी काही विपरीत वाटत नाही. गळ्यात घालायची वस्तू आपलीशी करून घ्यावीच लागते.

खरी नाणी पुरेनात तेव्हा सोनारांनी त्यांच्या नकला केल्या. या नकला ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या नाण्याच्या कडेने लॅटिन अक्षरे असतात. आपल्या सोनाराला लॅटिन कुठून येणार? त्याने अक्षरांना वेलबुट्टी समजून तसे उभे-आडवे फराटे काढले. पुढच्या सोनाराने त्या फराट्यांची नक्कल केली आणि शेवटी अक्षरांच्या जागी नुसते ठिपके उरले. वाचकांपैकी कोणाच्या घरी जुनी पुतळ्यांची माळ असेल तर भिंग घेऊन प्रत्येक पुतळी पाहावी. एकाच माळेत चार पिढ्यांचे हात दिसण्याचा संभव आहे.

नाणे गळ्यात घालण्याची ही हौस मात्र व्हेनिसपेक्षाही पुष्कळ जुनी आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू सापडल्या. त्यांतली समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आता कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. या शोधात ज्यांचा वाटा होता ते प्रा. के. जी. कुंदणगार हे राजाराम महाविद्यालयात कन्नड शिकवीत. कोल्हापूरच्या मातीचा इतिहास कन्नडच्या प्राध्यापकाने उजेडात आणावा, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी अशी आहे. पुढे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. बेळगावला लागून असलेल्या वडगाव-माधवपूर येथेही त्याच सातवाहन काळातले नगर १९७० नंतरच्या दशकातील उत्खननात उघडे झाले. त्या काळी रोमन सम्राटांची सोन्याची नाणी दक्षिणेत येत, त्यांना भोके पाडून किंवा कडी लावून लोक गळ्यात घालीत. ज्यांना सोने परवडत नसे त्यांच्यासाठी त्याच नाण्याचा छाप मातीत उठवून, वर भोक ठेवून भाजलेली पदके मिळत. तेर आणि कोंडापूर येथे अशी मातीची पदके सापडलेली आहेत. म्हणजे आजच्या ‘एक ग्रॅम’च्या दागिन्याची परंपरा दोन हजार वर्षांची आहे म्हणायची!

सोन्याच्या नाण्याला आपण मराठीत होन म्हणतो. शिवछत्रपतींचा होन आपल्या अभिमानाचा विषय आहे आणि तो असलाच पाहिजे. पण होन हा शब्द कन्नडमधल्या ‘होन्नु’वरून आलेला आहे. होन्नु म्हणजे सोने. दागिन्यांच्या नावांची वाट याहून वेगळी नाही. कानाच्या वरच्या पाळीत घालायची बुगडी ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटातल्या लावणीमुळे उभ्या महाराष्ट्राच्या ओळखीची झाली. ती कन्नड घरातही बुगुडी म्हणूनच ओळखली जाते. दंडावरची वाकी तिकडे वंकी होते. हातातली पाटली आणि बिलवर उत्तर कर्नाटकात थोड्याफार उच्चारभेदाने तेच नाव घेऊन वावरतात. आपली गुंज त्यांची गुलगंजी, तोळा मात्र दोघांचाही तोळाच. सोनाराला आपण सोनार म्हणतो, शेजारचा कन्नड माणूस अक्कसालिग किंवा पत्तार म्हणतो. सौंदत्ती तालुक्यातील शिरसंगीची काळिकादेवी हे या पांचाळ कारागिरांचे मोठे दैवत. तिच्या दर्शनाला जाणाऱ्यांत दोन्ही भाषांचे लोक असतात. नववीच्या मुलांना मी एकदा आजीच्या दागिन्यांची नावे लिहून आणायला सांगितली होती. वह्या तपासताना मराठी घर कोणते आणि कन्नड घर कोणते हे नुसत्या नावांवरून मला सांगता येईना. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आखलेल्या रेषेचे दुःख आपण बाळगून आहोत, त्याविषयी येथे लिहीत नाही. ही रेषा गावांमधून गेली आणि शेतांमधून गेली, पण दागिन्यांच्या डब्यातून काही ती गेली नाही, एवढी नोंद मात्र केलीच पाहिजे.

आता घडणावळीकडे वळू. कोल्हापुरी साज हा आपल्या भागाचा मानबिंदू. पूर्ण साजात २१ पाने मानतात. दहा पाने दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरल्याचे. पानांवर चंद्र, शंख, नाग, कमळ, मासा, कासव, भुंगा, बेलपान असे आकार. पानांच्या मधे जवाच्या दाण्यासारखे जवमणी. ऐपतीप्रमाणे कमी पानांचे साजही होतात आणि पानांचा हिशेब घराण्याघराण्यांत वेगळा ऐकू येतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मौज अशी की एवढा भरघोस दिसणारा साज वजनाला मात्र बेताचा असतो. त्याचे रहस्य घडणीत आहे. सोनार प्रथम सोने मुशीत वितळवून त्याची कांब ओततो, ती ऐरणीवर ठोकून किंवा रुळातून काढून पातळ पत्रा करतो. काशाच्या ठशात उलटा आकार कोरलेला असतो. त्यावर हा पत्रा ठेवून वर शिशाचा तुकडा ठेवायचा आणि हातोडीने ठोकायचे. शिसे मऊ असल्यामुळे पत्रा न फाटता ठशाच्या प्रत्येक रेघेत जाऊन बसतो. मग त्या पोकळ पानात गरम लाख भरतात, म्हणजे ते दबत नाही, आणि मागून पत्रा लावून बंद करतात. लाखेमुळे गरिबाच्या घरातही साज येऊ शकला. सोन्याच्या जिवावर दिसते त्याहून अधिक शोभा आणायची ही युक्ती मला फार हुशारीची वाटते. अर्थात मोड करायची वेळ आली की याच लाखेवरून सराफाच्या दुकानात वाद होतात, तो भाग निराळा.

ठुशीचे आणि बोरमाळेचे मणी, जोंधळी पोत, बकुळीहार, पोहेहार ही नावे नीट पाहावीत. बोर, जोंधळा, जव, बकुळ, पोहे, चिंच! कुणब्याच्या खळ्यावरच्या आणि परसातल्या वस्तू गळ्यात आल्या. बारीक भरीव दाण्यांना रवा म्हणतात. तो करण्याची रीत पाहण्यासारखी असते. सोन्याच्या तारेचे अगदी बारीक तुकडे कोळशावर ठेवून फुंकणीने आच दिली की प्रत्येक तुकडा वितळता वितळता आपोआप गोल होतो. पाण्याचा थेंब गोल का होतो याचे जे कारण तेच याचे. ते रवे चिमट्याने उचलून जागच्या जागी ठेवायचे, टाकणखार लावायचा आणि डाक देऊन चिकटवायचे. डाक म्हणजे तांबे-चांदी मिसळलेले, लवकर वितळणारे सोने. आच क्षणभर जास्त झाली तर सगळे रवे दागिन्यात विरघळून जातात आणि दिवसाची मेहनत फुकट. सोनाराच्या डोळ्यांचा आणि श्वासाचा एवढा कस कोणत्याही परीक्षेत लागत नसेल.

सोनाराच्या कामाला आणखी दोन माणसांचे हात लागत. एक पटवेकरी. मणी आणि पाने रेशमी दोऱ्यात गाठवून, मागे गोंडा लावून दागिना अंगावर घालण्याजोगा तोच करी. दुसरा झारेकरी. तो सोनाराच्या दारातली माती, राख, गटाराचा गाळसुद्धा धुऊन त्यातले सोन्याचांदीचे कण काढी. शहापूरच्या सराफ गल्लीत किंवा कोल्हापूरच्या गुजरीत ज्यांनी बालपण काढले आहे त्यांना पहाटे पाट्या घेऊन फिरणारे झारेकरी आठवत असतील.

रुप्याचा इतिहास याहून वेगळा. ब्रिटिश अमदानीत चांदीचा रुपया बरोबर एक तोळा वजनाचा होता, म्हणजे १८० ग्रेन. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. तेव्हा दागिना करायचा तर बाईने सोनाराच्या हातावर रुपये मोजून ठेवायचे आणि तितक्याच तोळ्यांची सरी किंवा तोडे घडवून घ्यायचे. वजन आणि कस दोन्हींची हमी राणीच्या छापातच मिळे. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली तेव्हा ही सोय संपली. निपाणीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या हुपरीने मात्र चांदीचा धंदा आपल्या अंगी असा मुरवून घेतला की आज पैंजण म्हटले की हुपरीचेच नाव निघते. तेथे एकच कारागीर सगळा दागिना करीत नाही. कोणी आटणी करतो, कोणी तार ओढतो, कोणी कड्या जोडतो, कोणी घुंगरू करतो. घराघरांतून, आसपासच्या खेड्यांतूनही बायका ओसरीवर बसून साखळ्या जुळवतात. चांदीचा कस तेथे टंचात बोलतात.

सरीचा उल्लेख वर आला. एका बाजूला उघडी असणारी ही धातूची कडक हसळी आता फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत उरली आहे. हिची एक दूरची जोडीदारीण सापडते, ती युरोपात. रोमन लोकांच्या आधी पश्चिम आणि मध्य युरोपात, ब्रिटनमध्ये केल्ट भाषा बोलणाऱ्या टोळ्या राहत. त्यांचे सरदार गळ्यात पिळाची सोन्याची हसळी घालीत. तिला टॉर्क म्हणतात. १९५० साली इंग्लंडमध्ये स्नेटिशॅम येथे शेत नांगरताना जी मोठी हसळी सापडली ती एक किलोहून अधिक वजनाची आहे. सोने-चांदीच्या मिश्रणाच्या ६४ तारा, आठ-आठ तारांचा एक पीळ आणि अशा आठ पिळांचा पुन्हा एक पीळ! आपल्या सोनाराने केलेला गोफ ज्याने पाहिला आहे त्याला ते काम लगेच समजेल. त्या पिळात एक नाणे अडकलेले मिळाले, त्यावरून ती ख्रिस्तपूर्व ७५ च्या सुमारास पुरली असावी असे तज्ज्ञांनी ठरवले. या साम्यावरून केल्ट आणि आपण एकाच वंशाचे वगैरे निष्कर्ष काढणारे उत्साही लोक असतात. त्यांच्या नादी लागू नये. धातूची कांब वाकवली की हसळी होते आणि तार पिळली की गोफ होतो. हात सगळीकडे सारखेच आहेत.

तुलना करायचीच तर ती पुढल्या गोष्टीत करावी. आयर्लंडमध्ये १८५० साली समुद्रकाठी एक चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली, जरतारी तारकाम आणि रवेकाम केलेली पदकासारखी पिन सापडली. ती इसवी सन ७०० च्या सुमाराची. डब्लिनच्या वॉटरहाऊस नावाच्या जवाहिऱ्याने ती विकत घेतली आणि तिला ‘तारा’ हे प्राचीन राजधानीचे नाव दिले. त्या जागेचा आणि पिनेचा काहीही संबंध नव्हता, खपण्यासाठी दिलेले नाव ते. त्याने तिच्या प्रतिकृती करून विकल्या आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडल्या. केल्टिक दागिन्यांची फॅशन त्यातून वाढली. धंदा तो धंदाच. पण मूळ पिन त्याने वितळवली नाही. १८६८ मध्ये ती तिथल्या विद्वत्सभेने घेतली आणि आज ती डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्याकडेही ‘पारंपरिक साज’ यंत्रावर छापून भरपूर विकला जातो, त्याला हरकत नाही. ज्याची ही नक्कल आहे तो मूळ साज कुठे आहे, हे विचारले तर उत्तर सापडत नाही.

आमच्या नात्यातल्या एका आत्याबाईंची पुतळ्यांची माळ मी लहानपणापासून पाहत होतो. त्यांना तीन मुली. माळ कोणाला द्यायची यावरून मने कडू व्हायची वेळ आली तेव्हा त्यांनी सरळ माळ मोडली, सोने आटवले आणि तिघींना सारख्या वजनाच्या साखळ्या केल्या. “मास्तर, तुमचा इतिहास ऱ्हाऊ दे, माझ्या तिघी लेकी एका ताटात जेवल्या पायजेत,” असे त्या मला म्हणाल्या. त्यांचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. बाईच्या हक्काची मालमत्ता पुष्कळ काळ एवढीच होती. दुष्काळात, आजारपणात, तंबाखूचा दर पडला त्या वर्षी, हाच दागिना सावकाराकडे गेला आणि घर तरले. जो दागिना गहाण पडू शकत नाही तो गरिबाच्या घरात टिकत नाही.

पण या आटणीत दोन प्रकारचा तोटा होतो. एक सराफ सांगतो, त्याला घट म्हणतात. डाकातले तांबे-चांदी मिसळल्यामुळे जुने सोने आटवले की कस उतरतो. दुसरा तोटा पावतीवर लिहीत नाहीत.

कारागिराच्या बाबतीत तर सरकारनेच मोठी घट केली. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी लोकांनी अंगावरचे सोने संरक्षण निधीला दिले. पाठोपाठ जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचा करायचा नाही, असा दंडक होता. सोन्याची आयात आणि चोरटा व्यापार रोखावा हा हेतू समजण्यासारखा होता. परंतु १४ कॅरेट म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोने. ते कडक असते. ठशावर मऊपणे बसणारा पातळ पत्रा, बारीक रवा, साजाचे पान या कामांना ते जमत नाही, आणि अशा सोन्याचा दागिना करून घ्यायला गिऱ्हाईकही येईना. देशभर लक्षावधी सोनारांच्या बागेसऱ्या विझल्या. काहींनी आत्महत्या केल्या. शुद्धतेची अट पुढे तीन-चार वर्षांत सैल झाली, तरी १९६८ चा कायदा राहिलाच, तो १९९० मध्ये रद्द झाला. या सत्तावीस वर्षांत सोनारांच्या एका पिढीने आपल्या मुलांना हातोडीऐवजी शाळेच्या, गिरणीच्या, रिक्षाच्या वाटेला लावले. माझ्या शाळेतले काही उत्तम चित्रकार विद्यार्थी अशा घरांतले होते. त्यांची बोटे पाहिली की ती कुठून आली हे कळत असे.

निपाणीकडच्या एका वृद्ध सोनारकाकांकडे काही वर्षांपूर्वी गेलो होतो. त्यांनी पत्र्याची पेटी उघडून काशाचे ठसे दाखवले. एकेका ठशावर दोन्ही अंगांनी आकार कोरलेले, झिजून गुळगुळीत झालेले. साजाची पाने, पुतळ्या, पोह्याचे आकार, आणि एक डोरल्याची वाटी. काही ठसे त्यांच्या आजोबांनी धारवाडकडच्या एका पत्ताराकडून घेतलेले. मी विचारले, काका, हे कुणाला देणार? ते म्हणाले, “मास्तर, पोराला नको हायत. भांडीवाला आला होता, काशाच्या भावानं घेतो म्हणाला. निम्मे दिले त्याला.”

उरलेल्या ठशांचे ओल्या शाडूवर छाप घ्यायची परवानगी मी मागितली. त्यांनी दिली. आम्ही दोघांनी मिळून त्या दुपारी एकेचाळीस छाप घेतले आणि प्रत्येकाखाली त्यांनी सांगितलेले नाव मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिले. चार ठशांची नावे त्यांनाही आठवली नाहीत.